शोदोशिमा बेटावर बसने फिरताना

जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रातील शोदोशिमा बेटावर बसने फिरायचे असेल, तर आधी बंदराचे नाव नीट पाहून घ्यावे, कारण बेटावर तोनोशो, इकेदा, साकाते, फुकुदा अशी अनेक बंदरे आहेत आणि उतरण्याचे व परतीचे बंदर वेगळे असेल, तर बसचे सारे गणितच बदलते. समोरच्या शिकोकू बेटावरील ताकामात्सु शहरातून तोनोशोला फेरीबोटीने साधारण एक तास लागतो.

जपानच्या ग्रामीण भागात सहसा बसमध्ये मागच्या दाराने चढतात. तिथल्या यंत्रातून आकडा छापलेली छोटी चिठ्ठी निघते, ती जपून ठेवावी. पुढच्या फलकावर त्याच आकड्याखाली दिसणारी रक्कम हेच आपले भाडे. ते उतरताना चिठ्ठीसह चालकाजवळच्या पेटीत टाकायचे असते. दहा हजार येनची नोट बहुधा मोडून मिळत नाही, म्हणून सुटी नाणी आणि हजार येनच्या नोटा जवळ बाळगाव्यात.

बस क्वचितच असतात आणि शेवटची बस लवकर सुटते. म्हणून थांब्यावर उतरल्याबरोबर परतीच्या वेळापत्रकाचा फोटो काढावा. शनिवार-रविवारचा रकाना निराळा असतो, हे मात्र आवर्जून पाहावे.