गँगवाल्यांची मारामारीची फिल्म काढताय? या चुका टाळा

कमी बजेटच्या फाइट फिल्म्सच्या सेटवर मी बरीच वर्षं काढली. नव्या मुलांच्या स्क्रिप्टमध्ये एक वाक्य हमखास सापडतं, "भाईसाठी जीव देईन." ते आधी खोडा. निष्ठा तोंडाने सांगितली की मारामारीला सांगायला काही उरत नाही. 'द रेड' (2011) पुन्हा बघा. बजेट साधारण 11 लाख डॉलर, जकार्तातली एक इमारत आणि सिलाट, म्हणजे इंडोनेशियाची मार्शल आर्ट. तिथे एक भाऊ पोलीस आणि दुसरा डॉनचा माणूस. दुसरा शेवटी कोणाचा, हे तो सख्ख्या भावाच्या बाजूने त्याच टोळीतल्या मॅड डॉगवर तुटून पडतो तेव्हा कळतं. मी फाइट बसवताना प्रत्येक पोराला आधी विचारतो, तुझा हात कोणावर उचलला जाणार नाही? उत्तर मिळालं की अर्धी फाइट आपोआप बसते.

दुसरी चूक मला सहनच होत नाही. "खरं मारू दे, रिअल वाटेल."

भिवंडीजवळ एक रिकामं गोदाम एका रात्रीपुरतं मिळालं होतं. दिग्दर्शक घाईत होता, तालीम झाली नव्हती. नायक कराटेतला ब्लॅक बेल्ट, समोरचा नाटकातला मुलगा. रात्री अडीचला काठीची फाइट. पोरगा अर्धा ठेका उशिरा वाकला आणि काठी थेट भुवईवर. पाच टाके पडले, शूट तिथेच थांबलं. पुढे फुटेज पाहिलं तर तो खरा फटका अगदीच पुचाट दिसत होता, कारण कॅमेरा बाजूला होता आणि फटका खाणाऱ्याची मान वळलीच नव्हती. त्याच्या आधीच्या टेकमध्ये काठी चेहऱ्यापासून फूटभर लांबून गेली होती. पण कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे होता आणि पोराने मान जोरात झटकली होती. तोच टेक बघताना सगळे दचकले.

फटका विकतो, म्हणजे खरा वाटायला लावतो, तो खाणारा. म्हणून मी तालमीत आधी मार खाणाऱ्याला तयार करतो. दहा दिवस, रोज दोन तास, जमिनीवर गाद्या टाकून. मग पूर्ण फाइट मोबाइलवर शूट करून एडिट करतो. कुठला अँगल खोटा पडतो ते तिथेच कळतं. एवढा धीर ज्याला नाही त्याने फाइट फिल्म काढू नये, कारण टाके दुसऱ्याला पडतात.

कॅमेरा हलवून फाइट लपवू नका. माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसू द्या.

ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्याचा शटर स्पीड 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, 1/60 वर चित्रात पट्टे फिरतात. फाइटला मी 1/100 घेतो, हात स्वच्छ दिसतात.

नेटवरचा तयार 'ढिशुम' नको. ओला टॉवेल, चामड्याचं जॅकेट आणि कोबीचा गड्डा घेऊन फटक्यांचे आवाज रेकॉर्ड करायला एक दुपार बसा.

चाकू रबराचाच हवा, क्लोजअपलासुद्धा.

आणि नकली पिस्तूल घेऊन रस्त्यावर उतरण्याआधी पोलीस ठाण्यात लेखी परवानगी घ्या, तिची प्रत खिशात ठेवा. लोकांना लांबून कॅमेरा दिसत नाही, पिस्तूल दिसतं.