पुनर्वसनाच्या जमिनीवर कारखान्याचा ऊस लावण्याआधी

नर्मदेच्या पाण्याचा राज्यांमधला तंटा सोडवणाऱ्या नर्मदा लवादाच्या 1979 च्या निवाड्यानुसार सरदार सरोवर धरणात जमीन गेलेल्या कुटुंबाला किमान 2 हेक्टर, म्हणजे सुमारे 5 एकर सिंचनयोग्य जमीन द्यायची आहे. महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी-अक्कलकुवा तालुक्यांतली 33 गावे बाधित झाली. डोंगरात ज्वारी, मका, कडधान्य मिसळून पेरणाऱ्या कुटुंबांना सपाटीवर आल्यावर बेणे, खत आणि औषध उधारीवर मिळू लागते. साखर कारखाना जमीन मागतच नाही. उधारी देतो, आणि वावरात काय उभे राहणार ते तिथेच ठरते.

आधी सातबारा आणि 8-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) काढा. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे सरकारी शर्तीची असेल तर विक्री, गहाण किंवा भाडेपट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ‘इतर हक्क’ रकान्यातला शेरा शब्दन् शब्द वाचा. मूळ खातेदार वारला असेल तर वारस नोंद आधी करून घ्या, नाहीतर उसाचे बिल मृताच्या नावावर अडकते. शेतकरी, कारखाना आणि बँक अशा त्रिपक्षीय कर्जाच्या कागदावर सही केली की बँक किंवा सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, सातबारावर चढतो. कर्ज फिटल्यावर तो आपोआप उतरेल असे धरू नका. कर्ज फिटल्याचा दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या.

आता वेळेचा हिशेब. सुरू ऊस (हिवाळ्याच्या शेवटी लावलेला) 12 महिने, आडसाली (पावसाळ्यात लावलेला) 16 ते 18. त्यावर दोन खोडवे (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा घेतलेली पिके) धरले तर तेच वावर तीन-साडेतीन वर्षे अडकते. म्हणून 5 एकरांत अडीच एकरांपेक्षा जास्त ऊस लावू नये, असे आमचे ठाम मत आहे. विहीर-कालव्याचे पाणी मे महिन्यात टिकत नसेल तर त्याहूनही कमी. उरलेल्यात ज्वारी, तूर आणि जनावरांचा चारा.

दराकडे नीट पाहा. 2025-26 साठी एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघालेल्या साखरेच्या टक्केवारीला) टनाला 3,550 रुपये आहे; उतारा 9.5 किंवा कमी असेल तर 3,290.50. हा उतारा संपूर्ण कारखान्याचा असतो, तुमच्या उसाचा नव्हे. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, मग उधारी. हातात काय राहील ते लागणीआधीच कागदावर मांडा.

कारखान्याकडे लागणीची नोंद करून तारखेची पावती घ्या. तोडीचा क्रम त्यावरच लागतो. तारीख चुकली की ऊस उभा राहतो, तुरा येतो, वजन घटते. तोडलेला ऊस 24 तासांत गाळपाला गेला पाहिजे. वावरात पडून राहिला तर वजन आणि साखर दोन्ही कमी होतात.

काट्याची पावती प्रत्येक खेपेची ठेवा. ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळाले नाहीत तर थकबाकीवर वर्षाला 15 टक्के व्याज मागता येते. या पावत्यांशिवाय तारीख सिद्ध होत नाही. लेखी अर्ज साखर आयुक्तालयाकडे द्या आणि पोच घ्या.