परदेशात नेट कुठलं घ्यायचं? आधी ओटीपीचं बघा, मग डेटाचं

परदेशात जायचं ठरलं की व्हिसा, स्वेटर, मेतकूट, औषधं सगळ्याची यादी होते आणि नेटचं मात्र "बघू तिकडे एअरपोर्टवर" म्हणून राहून जातं. प्लीज असं करू नका, रात्रभर जागून उतरल्यावर रांगेत उभं राहून घाईघाईत जे घेतो ते बहुतेक वेळा महागच पडतं.

सगळ्यात आधी भारतातल्या सिमचं बघा, कारण बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येणार. कार्डवरून ऑनलाइन काही बुक करायचं किंवा बँकेच्या ॲपमध्ये नव्याने लॉगिन करायचं तर ओटीपीशिवाय हात बांधलेले. त्यामुळे निघायच्या चार दिवस आधी कंपनीच्या ॲपमधून इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या आणि फोनमधल्या सेटिंगमध्ये त्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हां, पहिल्याने तिकडे फोन-एसएमएस येतात, दुसऱ्याने त्या सिमवरून नेट चालतं. येणारे एसएमएस सहसा फुकट असतात पण आलेला फोन उचललात तर पॅक नसताना मिनिटाचे पैसे लागतात, म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवा की व्हॉट्सॲपवरच करा.

आता डेटा. आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक घ्या, ई-सिम (कार्ड न घालता कोडने फोनमध्येच टाकायचं सिम) घ्या नाहीतर तिकडचं लोकल सिम.

तीन-चार दिवसांसाठी जाणार असाल, किंवा आई-बाबा एकटे टूरबरोबर जाणार असतील तर सरळ रोमिंग पॅक घ्या, तेव्हा मात्र त्या सिमचं डेटा रोमिंग चालू करावं लागतं. जिओ, एअरटेल, व्हीआय सगळ्यांकडे आहेत, थोडे पैसे जास्त गेले तरी नंबर तोच राहतो आणि सेटिंगची खटपट जवळजवळ नाही. फक्त देशांची यादी नीट वाचा आणि मधे विमान बदलायला दुबई-दोहाला उतरणार असाल तर पॅक तिथेच सुरू होतोय का तेही बघा. रोजचा डेटा संपल्यावर स्पीड कमी होतो की नेट बंदच होतं हे पण बघून घ्या.

आठ-दहा दिवस आणि दोन-तीन देश असतील तर मी स्वतः ई-सिमच घेते. फोनमध्ये चालतं का ते बघायला *#06# डायल करा, ईआयडी नावाचा लांबलचक नंबर दिसला तर चालतं. ई-सिम विकणाऱ्या ॲपवर देश निवडून पैसे भरले की क्यूआर कोड येतो, तो दुसऱ्या फोनवर उघडून आपल्या फोनने स्कॅन करायचा, आणि हे घरच्या वायफायवर बसून शांतपणे करा. काही प्लॅनचे दिवस टाकल्यापासून मोजतात, काहींचे तिकडचं नेटवर्क पकडल्यापासून, ते खरेदी करतानाच वाचा. आणि टाकलेलं ई-सिम चुकून डिलीट करू नका, तोच कोड बऱ्याचदा परत चालत नाही.

युरोपला जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. 15 जून 2017 पासून युरोपियन युनियनमध्ये एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जास्तीचे पैसे न देता वापरता येतं, पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाहीये! आणि आपल्या टूरमध्ये तर पॅरिस, स्विस, इटली असंच असतं. आम्ही पॅरिसला घेतलेल्या सिमचं नेट स्विसची बॉर्डर ओलांडली तसं बंद पडलं, हॉटेलचा पत्ता मॅपवर, आणि बस स्टॉपवर आम्ही चौघं. तेव्हापासून "युरोप" लिहिलेला प्लॅन घेताना मी यादीत स्वित्झर्लंड आणि ब्रिटन आहे का ते आधी शोधते.

दुसरी चूक बाबांच्या फोनमध्ये झाली. ई-सिम व्यवस्थित चालू होतं पण दोन्ही सिमचं डेटा रोमिंग चालू राहिलेलं आणि आयफोनमधलं "अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग" पण चालू, त्यामुळे डोंगरात ई-सिमची रेंज गेली की फोन गुपचूप भारतातल्या सिमवरून नेट घ्यायचा. घरी आल्यावर पोस्टपेडचं बिल बघून बाबा दोन दिवस गप्प होते, मला अजून वाईट वाटतं की मी ते तपासलं नव्हतं. ते स्विचिंग बंद करा, अँड्रॉइडवरही अशाच नावाचं सेटिंग असतं.

महिना-दोन महिने राहणार असाल, लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाणार असाल तर तिकडचाच नंबर घ्या, जमलं तर लेकीच्या फॅमिली प्लॅनमध्ये, डॉक्टर आणि फार्मसीवाले लोकल नंबरच मागतात. एकच सिम बसणारा फोन असेल तर काढलेलं सिम हरवतं, आई ते कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवून डबी पासपोर्टच्या पाऊचमध्ये टाकते, सोबत ट्रे उघडायची पिन. नवीन सिम टाकल्यावर व्हॉट्सॲपने नंबर बदलायचा का विचारलं तर नाही म्हणा, जुनाच चालतो.

दुबईला लोकल सिमवर व्हॉट्सॲप कॉल लागत नाहीत, मेसेज जातात. भारतातल्या सिमच्या रोमिंगवर सहसा लागतात कारण तो डेटा भारतातून फिरून येतो, रोज घरी बोलायचं असेल तर हे लक्षात घेऊन निवडा.

किती जीबी लागेल ते फोनच्या डेटा युसेजमध्ये मागच्या महिन्याचा आकडा बघून ठरवा, पण त्यात रील्स किती ते पण बघा. मॅप, कॅब आणि मेसेजला फार लागत नाही, व्हिडिओ कॉल आणि फोटोंचा बॅकअप खातो, म्हणून बॅकअप फक्त वायफायवर ठेवा आणि शहराचा गूगल मॅप निघायच्या आदल्या रात्री डाउनलोड करून घ्या. पहिल्या हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून पासपोर्टमध्ये ठेवा.