हिवाळी हिमालयाची तयारी: परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा

पुण्याहून जानेवारी-फेब्रुवारीत हिमालयात निघणार असाल, तर बूट-जॅकेटच्या आधी परतीचं तिकीट बघा. झेलम एक्स्प्रेस असो की विमान, ट्रेक संपल्यावर दोन दिवस मोकळे सोडूनच तारीख टाका. गेल्या वेळी आमचं नेमकं हेच राहिलं.

पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारं हिवाळी वादळ, येतो तेव्हा भरपूर बर्फ पडतो, पण तो जुन्या थरावर लगेच बसत नाही. हिमस्खलनाचा धोका बर्फ पडताना आणि थांबल्यानंतरचे २४ ते ४८ तास सर्वाधिक. अशा वेळी आकाश लख्ख निळं होतं, उद्याची गाडी डोक्यात असते आणि माणसं उतारावर पाय टाकतात. दिवस शिल्लक असतील तरच ‘आज तंबूतच थांबायचं’ हे लीडरला ठामपणे म्हणता येतं. सुट्टी मिळत नसेल तर ट्रेक छोटा निवडा. हे दोन दिवस कापू नका.

कपडे, गॉगल, औषधं तुम्हाला ठाऊक आहेत. सिंहगडावर वजन घेऊन चढा, दम वाढेल. बर्फाची पारख मात्र तिथे होत नाही.

ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव सिग्नलने सांगणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं. तिन्ही. गाडलेल्या माणसाला पंधरा मिनिटांत काढलं तर वाचण्याची शक्यता बरीच असते, पुढे ती झपाट्याने घसरते. बाहेरची मदत तेवढ्यात पोचत नाही, शोधायचं सोबत्यांनीच. तळजाई टेकडीवर पाचोळ्यात एक ट्रान्सीव्हर लपवून सगळ्यांनी सराव करा. शोधताना मोबाइल बंद. त्याने सिग्नल बिघडतो.

निघण्याआधी आणि वाटेत रेंज मिळेल तिथे डीजीआरई या डीआरडीओच्या संस्थेचा जिल्हावार हिमस्खलन इशारा आणि हवामान खात्याचा अंदाज बघा. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत घातक. आपण सपाटीवर असलो तरी वर काय लटकलंय ते पाहा. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला उडून आलेला बर्फ साचतो, तिकडे जाऊ नका. पायाखाली धप्प आवाज झाला, भेग पळत गेली, की मागे फिरा. ‘एवढं लांब आलोय’ हे कारण नाही! दोन दिवस हातात ठेवलेत ते याचसाठी.

तंबूची जागाही अशीच तपासा. २८ फेब्रुवारी २०२५ला बद्रीनाथजवळ माणा इथे कामगारांचे राहते कंटेनरच हिमस्खलनात सापडले, ८ जण गेले.

बाकी विमा उंचीवरच्या बचावाचा खर्च देतो का ते वाचा, मार्ग घरी लिहून ठेवा, जादा बॅटऱ्या अंगाजवळ ठेवा, थंडीत त्या लवकर उतरतात.