मोठ्या आतड्याच्या गाठीचा एमएमआर अहवाल कसा वाचावा

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर बायोप्सीचा अहवाल घरातले सगळे वाचतात. त्याला जोडलेला एमएमआर (मिसमॅच रिपेअर, म्हणजे डीएनएतील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा) चाचणीचा कागद मात्र बहुधा तसाच फाइलमध्ये जातो. हा रोग वारशाने आला आहे का, या प्रश्नाचा शोध त्याच कागदापासून सुरू होतो.

आधी एक फरक समजून घ्यावा. जनुकीय बदलात डीएनएमधील अक्षरांचा क्रमच बिघडतो. एपिजेनेटिक बदलात क्रम शाबूत राहतो. परंतु जनुकाच्या सुरुवातीच्या नियंत्रक भागावर मिथाइल गट चिकटल्यामुळे, म्हणजे मिथायलेशनमुळे, ते जनुक मुके होते. दोन्ही प्रकारांत त्या जनुकाचे प्रथिन तयार होणे थांबू शकते. वारशाच्या दृष्टीने मात्र त्यांचे अर्थ फार वेगळे आहेत.

अहवालात एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ ही चार प्रथिने असतात. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका ती दुरुस्त करतात आणि जोडीने काम करतात. एमएलएच१ नसेल तर पीएमएस२ टिकत नाही, म्हणून दोन्हींपुढे ‘लॉस’ (म्हणजे प्रथिन गाठीत दिसत नाही) लिहिलेले असले तरी मूळ बिघाड सहसा एमएलएच१मध्येच असतो. तपासणीसाठी रंगवलेल्या त्याच काचपट्टीवरील निरोगी पेशींच्या केंद्रकांनी तपकिरी रंग घेतलेला असून गाठीची केंद्रके तेवढी निळी राहिली असतील, तरच हा शेरा विश्वासार्ह मानावा.

एमएलएच१ गेले आहे एवढ्यावरून आजार आनुवंशिक आहे असा निष्कर्ष काढू नये. इथेच सर्वाधिक घबराट उडते आणि ती बहुतेक वेळा अनाठायी असते. या कर्करोगाच्या सुमारे १५ टक्के गाठींत दुरुस्तीची यंत्रणा बंद पडलेली असते आणि त्यांतील बहुसंख्य गाठींत कारण असते ते एमएलएच१ जनुकाचे मिथायलेशन, जे आयुष्यात पुढे त्या गाठीपुरतेच घडते. म्हणून पुढची चाचणी मागावी: गाठीत बीआरएएफ जनुकाचा व्ही६००ई बदल किंवा एमएलएच१चे मिथायलेशन आहे का? असल्यास वारशाची शक्यता खूपच कमी होते; तरीही रुग्ण तरुण असेल किंवा कुटुंबात असे आजार असतील, तर जनुकीय सल्लागाराला भेटावेच. दोन्ही नसतील, तर लिंच सिंड्रोमसाठी (दुरुस्तीच्या जनुकातील वारशाने आलेल्या बदलामुळे कर्करोगाचा धोका वाढवणारा आजार) रक्ताची जनुकीय तपासणी करावी. एमएसएच२ किंवा एमएसएच६ गेले असेल, तर सहसा थेट रक्तचाचणीकडेच वळतात. कधी शेजारच्या एपकॅम जनुकाचा तुकडा गळाल्याने एमएसएच२वर मिथायलेशन होते. तिथे एपिजेनेटिक बदलाचे मूळच आनुवंशिक असते.

चारही प्रथिने शाबूत असली, तरी सगळे आनुवंशिक प्रकार वगळले जात नाहीत. आतड्यात दहाहून अधिक ॲडिनोमा प्रकारचे (पुढे कर्करोगात बदलू शकणारे) पॉलिप, म्हणजे आतल्या आवरणावरचे उंचवटे, सापडले असतील, तर एपीसी आणि म्युटवायएच या जनुकांची तपासणी विचारावी. रोग पसरलेला असल्यास गाठीतील केआरएएस व एनआरएएस या जनुकांचे निकालही पाहावेत, कारण त्यांत बदल असेल तर सेटुक्सिमॅबसारखी कर्करोगावरील औषधे सहसा उपयोगी पडत नाहीत.

रक्तात लिंचचा बदल सापडला, तर प्रत्येक सख्ख्या भावंडात आणि अपत्यात तो असण्याची शक्यता ५० टक्के असते आणि ज्यांच्यात तो सापडेल त्यांना साधारणपणे दर १ ते २ वर्षांनी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) सुचवली जाते. रक्ताच्या त्या अहवालाची प्रत या नातेवाइकांना अवश्य द्यावी. नेमका कोणता बदल शोधायचा हे प्रयोगशाळेला त्यावरूनच कळते.