दोन दिवसांची मुंबई आणि गाडीचं लोढणं: या चुका टाळा

"शनिवारी येतोय. गाडीनंच येतो, म्हणजे फिरायलाही बरं पडेल." सांगलीहून दाजींचा असा फोन आला की मुलुंडमध्ये बसल्या जागी माझ्या पोटात गोळा येतो. गाडीनं यायला माझी काही हरकत नाही. लहान पोरं, आईचा गुडघा, ताईनं बांधून दिलेल्या लोणच्याच्या बरण्या, हा सगळा संसार रेल्वेच्या डब्यात चढवण्यापेक्षा गाडी बरीच. घोळ आहे तो 'फिरायलाही' या शब्दात. गाडी मुंबईपर्यंत आणावी, एका जागी लावावी आणि रविवारी निघेपर्यंत तिला हात लावू नये. गेल्या काही वर्षांत आमच्या पाहुण्यांच्या ज्या फजित्या झाल्या, त्यातल्या बहुतेक गाडी दुसऱ्यांदा बाहेर काढल्यावर झाल्या आहेत.

"तीन गाड्या उभ्या आहेत, म्हणजे चालतंय"

दोन वर्षांपूर्वीचा रविवार. मी लोकलनं जाऊ म्हणत होतो, दाजी गाडी काढून मोकळे झाले. गेटवे आमच्या घरापासून जेमतेम तीस किलोमीटर. जायला दीड तास लागला आणि त्यापुढे जागा शोधत कुलाब्याच्या गल्ल्यांतून अर्धा तास प्रदक्षिणा. शेवटी एका आडगल्लीत तीन गाड्या ओळीनं उभ्या दिसल्या. दाजी खूश. त्यांच्या मागे चौथी आपली. आम्ही लाँचमधून समुद्रात फेरी मारून, भेळ खाऊन परतलो, तर त्या तिन्ही जागच्या जागी आणि आमचीच गायब! टोइंगवाल्यांना रांगेतली शेवटची गाडी उचलायला सोपी पडते, हे तेव्हा कळलं. 'नो पार्किंग'ची पाटी होती, झाडाच्या फांदीमागे.

म्हणून पहिला नियम: उभ्या असलेल्या गाड्या हा पुरावा नाही. त्या तिथल्या रहिवाशांच्या असतील, कुणाचा ड्रायव्हर आत बसला असेल, नाहीतर त्यांचीही पाळी यायची असेल. गल्लीच्या दोन्ही टोकांना चालत जाऊन पाटी वाचा. काही गल्ल्यांत सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाडी लावायची असते. शनिवारी रात्री दहाला अगदी नियमात लावलेली गाडी बारा वाजल्यानंतर चुकीच्या बाजूला जाते. मुक्कामी पाहुणा हमखास सापडतो तो इथे. बसथांबा, सोसायटीचं फाटक, फुटपाथ आणि वळणाचा कोपरा, या चार जागा पाटी नसली तरी सोडायच्या.

गाडी जागेवर नसेल तर आधी 'चोरीला गेली' म्हणून बोंब मारू नका. समोरच्या पानवाल्याला, इस्त्रीवाल्याला विचारा. त्यांना गाडीचा रंग आणि उचलल्याची वेळ, दोन्ही ठाऊक असतं. मग जवळची वाहतूक पोलिसांची चौकी गाठा, तिथे गाडी कुठल्या यार्डात नेली ते समजतं. लायसन्स आणि आरसी मोबाईलवर डिजिलॉकरमध्ये असली तरी चालते. दंड आणि टोइंगचे पैसे भरल्यावर पावती घ्या. गाडी बाहेर काढण्यापूर्वी बंपर आणि चाकं बघून फोटो काढून ठेवा. आम्ही घाईत काढले नाहीत. ओरखडा दिसला थेट सांगलीत.

रविवारी दक्षिण मुंबईत गाडी न्यायचीच झाली तर एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे: कचेऱ्या बंद असतात. कुलाबा आणि मरीन ड्राइव्हला मुंगी शिरायला जागा नसते, तेव्हा फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेटचे रस्ते मोकळे पडलेले असतात. तिथल्या पे अँड पार्कमध्ये गाडी लावा आणि गेटवेपर्यंत चालत जा. वाटेत हुतात्मा चौक आहे, काळा घोडा आहे, वस्तुसंग्रहालयाचा घुमट आहे. गाडीत बसून यातलं काहीच धड दिसत नाही. फक्त जानेवारीतला तिसरा रविवार टाळा. त्या दिवशी मॅरेथॉन असते आणि सकाळी या भागातले रस्ते बंद ठेवतात.

पे अँड पार्कमध्ये दरफलक बघून आणि छापील पावती घेऊनच पैसे द्या. हातात पावतीपुस्तक असलेला प्रत्येक माणूस पालिकेचा नसतो. हॉटेलातल्या व्हॅलेला चावी देण्याआधी गाडी कुठे लावणार, तेवढं विचारा. उत्तर "इथेच आहे साहेब, बाजूला" असं आलं, तर ती रस्त्यावर लागणार आणि चलान तुमच्या नावावर फाटणार. हे चलान त्या दिवशी कळतही नाही. आरसीला जोडलेल्या मोबाईल नंबरवर ते नंतर येतं. तो नंबर जुना असेल तर तेही येत नाही.

नातेवाइकांकडे पार्किंग आहे?

हा प्रश्न पाहुणे विचारतच नाहीत, गृहीत धरतात. मुंबईत 'आमच्याकडे पार्किंग आहे' याचा अर्थ 'आमच्या गाडीला आहे' असा होतो. जुन्या सोसायट्यांत गाड्या एकीमागे एक लावतात. तुमची मागे लागली की सकाळी सहाला वरच्या मजल्यावरचे काका बेल वाजवणार. नव्या टॉवरमध्ये स्टॅक पार्किंग असतं, म्हणजे लोखंडी फळीवर गाडी वर उचलतात. उंच गाडी किंवा टपावर कॅरिअर असलेली गाडी तिथे बसत नाही. शिवाय ते चालवणारा माणूस रविवारी दुपारी जेवायला गेला, तर तुमची गाडी वरच लटकलेली.

तेव्हा यजमानाला दोन दिवस आधीच स्पष्ट विचारा: पाहुण्यांसाठी जागा आहे का, सेक्रेटरीला कळवावं लागतं का, रात्रभर ठेवू देतात का? गाडीची उंची आणि नंबर कळवून टाका. गाडी लावली की डॅशबोर्डवर एक चिठ्ठी ठेवा. तीवर कोणाकडे आलात, त्यांचा फ्लॅट नंबर आणि मोबाईल नंबर लिहा. वॉचमनची पाळी बदलली की सकाळच्या माणसाला तुमच्याबद्दल काहीच ठाऊक नसतं.

जागा नसेल तर ओढूनताणून आणू नका. पनवेल, नेरुळ, वाशी या नवी मुंबईतल्या स्टेशनांबाहेर गाडी लावून लोकल धरता येते. दादरला खरेदी असेल तर कोहिनूर स्क्वेअरमध्ये पालिकेचं सार्वजनिक वाहनतळ आहे. रानडे रोडवर कोपरा शोधत फिरण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

रविवार म्हणजे मेगाब्लॉक

पनवेलला गाडी लावायचा सल्ला मीच एका मावसभावाला दिला होता. शनिवारी सगळं झकास झालं. रविवारी दुपारी दोनला तो सीएसएमटीवर बायको-पोरांसकट उभा आणि पनवेलची गाडीच नाही. "दादा, इंडिकेटरवर आमचं नावच नाही!" ब्लॉक बघायचा राहिला होता. माझ्याकडूनच.

रूळ, ओव्हरहेड वायर आणि सिग्नल यांची कामं इतर दिवशी गर्दीमुळे करता येत नाहीत, म्हणून ती रविवारी काढतात. मध्य रेल्वे आणि हार्बर (सीएसएमटी-पनवेल) मार्गावर त्याला मेगाब्लॉक म्हणतात, पश्चिम रेल्वेवर जंबो ब्लॉक. साधारण सकाळी दहा-अकरापासून दुपारी तीन-चारपर्यंत तो चालतो. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर, समजा माटुंगा ते मुलुंड ब्लॉक असेल, तर फास्ट गाड्या स्लो रुळावर वळवतात. उशीर होतो, पण पोहोचता येतं. हार्बरवर तसं होत नाही. तिथे त्या टप्प्यातल्या गाड्याच रद्द होतात. त्या वेळी बहुधा त्याच तिकिटावर दुसऱ्या मार्गानं जायची मुभा असते, तिची घोषणा होते. पनवेलला जायचं तर ठाण्याला जाऊन तिथून ट्रान्स-हार्बर या ठाणे-नवी मुंबई मार्गानं पुढे, हा एक पर्याय. पण ब्लॉक पनवेल ते वाशी असेल, तर ठाण्याहून पनवेलच्या गाड्याही बंद असू शकतात. मावसभाऊ शेवटी वाशीपर्यंत लोकलनं आणि तिथून टॅक्सीनं गेला. पार्किंगमध्ये वाचलेले पैसे टॅक्सीत गेले, वर माझी अक्कल निघाली ती वेगळीच.

ब्लॉकची माहिती शुक्रवार-शनिवारच्या वर्तमानपत्रांत येते. ती वाचूनच गाडी कुठे लावायची ते ठरवा. पश्चिमेवर कधी काम शनिवारी रात्रीच उरकतात आणि रविवारचा दिवस मोकळा राहतो, तेव्हा ती लाइन धरा.

पूर्व की पश्चिम?

मुंबई लांबीला उत्तर-दक्षिण पसरलेली आणि मधून रेल्वेनं चिरलेली. नकाशावर अर्धा किलोमीटर दिसणारं हॉटेल रुळांच्या पलीकडे असेल, तर पूल शोधण्यात पाऊण तास जातो. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली यापुढे पूर्व किंवा पश्चिम लावल्याशिवाय पत्ता पुरा होत नाही. नातेवाइकांच्या जुन्या खुणांवरही विसंबू नका. परळ आणि प्रभादेवी जोडणारा एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ पासून बंद आहे आणि तिथली सगळी गर्दी आजूबाजूच्या पुलांवर आली आहे. दादर स्टेशनवर "मध्यच्या एक नंबरवर भेटू" असं सांगणाऱ्याचं ज्ञानही जुनं. ९ डिसेंबर २०२३ पासून तिथले फलाट सलग मोजतात: १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्यचे.

इथे मेट्रो कामाला येते. वर्सोवा-घाटकोपर मार्ग पूर्व-पश्चिम जोडतो. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. सिद्धिविनायक, महालक्ष्मी, गिरगाव, सीएसएमटी, चर्चगेट ही पाहुण्यांची सगळी ठिकाणं तिच्यावर आहेत. आजीला घेऊन फिरायला तिच्यासारखं सुख नाही, लिफ्ट आहेत आणि लोकलसारखी धक्काबुक्की नाही. दोन्ही मार्ग मरोळ नाक्याला भेटतात.

लोकलमध्ये

विरार फास्टमध्ये बसून अंधेरीला उतरायचा हट्ट धरू नका, दारातली मंडळी उतरू देतीलच असं नाही. सुट्टीच्या दिवशीही स्लो गाडी बरी. तुमच्या स्टेशनच्या आधीच्या स्टेशनला उठा आणि पुढच्या माणसाला "दादर?" एवढंच विचारा. त्यानं मान हलवली की त्याच्या मागे राहा. डब्यावरच्या पट्ट्या बघून चढा: साध्या तिकिटावर फर्स्ट क्लासमध्ये किंवा एसी लोकलमध्ये सापडलात तर टीसीपुढे "आम्ही बाहेरगावचे" चालत नाही. विनातिकीट दंड किमान २५० रुपये, वर भाडं. दोन्ही दिवस भरपूर फिरायचं असेल तर एक, तीन किंवा पाच दिवसांचा पर्यटक पास मिळतो. तिकीट खिडकीवर मागा.

रिक्षा, टॅक्सी, दुचाकी, टोल

रिक्षा वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला येत नाहीत. माहीमला उभं राहून रिक्षाची वाट बघणारे पाहुणे मी पाहिले आहेत. तिथून पुढे काळी-पिवळी टॅक्सी किंवा बेस्टची बस. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे २६ आणि टॅक्सीचे ३१ रुपये आहेत. मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत पंचवीस टक्के जास्त, ते मात्र लुबाडणं नव्हे.

पुण्याहून बाइकवर येणाऱ्या भाच्यांनो, नकाशात दुचाकीचा पर्याय निवडल्याशिवाय निघू नका. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, ईस्टर्न फ्रीवे आणि जे. जे. उड्डाणपूल, पाचही ठिकाणी दुचाकीला मनाई आहे. जे. जे.च्या पुलावर माणूस नकळत चढतो, पाटी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

'मुंबईचा टोल गेला' हे अर्धंच खरं. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडच्या दोन नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल नाही. एक्स्प्रेसवे, सी लिंक आणि अटल सेतूवर तो आहेच. फोर्टात उतरणार असाल तर सेतूचे पैसे वसूल होतात, ठाणे-मुलुंडला येणाऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये, ऐरोलीच्या पुलावरून यावं. आणि मागे बसलेल्यांनीही पट्टा लावा.

पावसाळ्यात आलात तर भरतीची वेळ बघून ठेवा. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, गांधी मार्केट या पाणी तुंबणाऱ्या जागांची नावं बातम्यांत ऐकू आली की बाहेर पडू नका. तळघरात गाडी असेल तर ती मात्र लगेच वर आणा.

परत जाताना

रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून परतणारे मुंबईकर घाट उतरत असतात आणि तुम्ही चढत असता. गर्दी समोरच्या बाजूला. शनिवारी सकाळी ते चढतात, तुम्ही उतरता. पाहुण्यांना एवढी एक सवलत निसर्गानंच दिली आहे. म्हणून दुपारचं जेवण टाकून पळायची गरज नाही, चारला निघालात तरी चालतं. निघताना डॅशबोर्डवरची चिठ्ठी तेवढी काढा. दाजी तशीच घेऊन गेले आणि मंगळवारी सांगलीच्या मंडईतून मला एका अनोळखी माणसाचा फोन: "साहेब, तुमची गाडी जरा पुढे घेता का?"