प्रथम वर्षाचं अर्थशास्त्र कसं अभ्यासावं: आधी आकृती, मग वाक्य

एफवायच्या पहिल्या चाचणीत मी लिहिलं होतं, "अवकाळीने कांदा महागला, म्हणून कांद्याची मागणी घटली." दहापैकी तीन मार्क पडले. बाजारात कुणीही बोलेल असं साधं वाक्य, पण अर्थशास्त्रात चूक. ते का चूक हे समजलं, तेव्हा निम्मा पेपर सोपा झाला. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

एक वस्तू धरा, पेन्सिल घ्या

पुस्तकातली 'वस्तू क्ष' डोक्यात टिकत नाही. सूक्ष्म अर्थशास्त्राचं (एक ग्राहक, एक वस्तू, एक बाजार यांच्या अभ्यासाचं) सेमिस्टर सुरू होताच ओळखीची एक वस्तू निवडा आणि शेवटपर्यंत तीच वापरा. माझी वस्तू अर्थातच कांदा.

कोऱ्या कागदावर उभ्या अक्षावर किंमत घ्या, आडव्यावर नग. (गणितवाल्यांना हे उलटं वाटतं. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलपासून रूढ झालेली रीत आहे, वाद घालत बसू नका.) मागणीची रेषा उतरती, पुरवठ्याची चढती.

आता अवकाळी पाऊस पाडा. शेतातला माल सडला, म्हणजे पुरवठ्याची रेषा डावीकडे सरकली. मागणीची रेषा जागची हललेली नाही. भाव चढला म्हणून ग्राहक त्याच रेषेवर वर सरकला आणि कमी कांदा घेऊ लागला. याला म्हणायचं मागणीचा संकोच. चातुर्मासात मात्र अनेक घरांत कांदा बंद होतो. भाव तोच असला तरी खरेदी कमी, म्हणजे अख्खी रेषाच डावीकडे. ही खरी मागणीतली घट. माझे मार्क या दोन शब्दांच्या फरकात गेले होते.

कुठलाही प्रश्न आला की आधी एवढंच विचारा: कारण त्या वस्तूची स्वतःची किंमत आहे की बाहेरचं काही? सरावाला एक देतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि लासलगावचे भाव कोसळले. कुठली रेषा सरकली? उत्तर वाचण्याआधी काढून बघा. परदेशी गिऱ्हाईक गेलं, म्हणून मागणीची, डावीकडे.

लवचिकता हाताने सोडवा

लवचिकता म्हणजे खरेदीतला टक्केवारी बदल भागिले किमतीतला टक्केवारी बदल. व्याख्या पाठ करून ती येत नाही, आकडे घ्या. कांदा ३० रुपयांवरून ६० वर गेला आणि घरात आठवड्याला २ किलोऐवजी दीड किलो येऊ लागला. किंमत १०० टक्के वाढली, खरेदी २५ टक्के घटली. उणे चिन्ह सोडलं तर लवचिकता ०.२५. आता उलटे या. भाव ६० वरून ३० म्हणजे ५० टक्के घट, खरेदी दीडवरून दोन म्हणजे ३३ टक्के वाढ. लवचिकता ०.६७! रस्ता तोच, जाताना एक उत्तर आणि येताना दुसरं.

हा घोळ स्वतः घातल्याशिवाय मध्यबिंदू पद्धत का आली ते उमगत नाही. बदलाला दोन्ही आकड्यांच्या सरासरीने भागायचं: खरेदीसाठी ०.५ भागिले १.७५, किमतीसाठी ३० भागिले ४५, मग पहिल्याला दुसऱ्याने भागा. दोन्हीकडून उत्तर सुमारे ०.४३ येतं. एकापेक्षा कमी, म्हणजे मागणी कमी लवचिक. पडताळा घ्या: आधी आठवड्याला ६० रुपये जात होते, आता ९०. कांदा कमी आला, तरी पैसे जास्त गेले.

शब्दांची वही ठेवा

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी शब्दांची भीती वाटते, पण जास्त फसवतात ते ओळखीचे शब्द. 'सीमांत शेतकरी' म्हणजे एक हेक्टरपर्यंत जमीन असलेला, पण 'सीमांत खर्च' म्हणजे आणखी एक नग बनवायला लागणारा जादा खर्च. बाजारातून शेअर घेतला की घरी आपण त्याला गुंतवणूक म्हणतो. स्थूल अर्थशास्त्रात, म्हणजे अख्ख्या देशाच्या अर्थव्यवस्थेच्या अभ्यासात, ती गुंतवणूक नव्हे, कारण नवं यंत्र किंवा इमारत उभी राहिली नाही, फक्त मालक बदलला. असे शब्द वेगळ्या पानावर लिहा, शेजारी उदाहरण. व्याख्या नको.

स्थूलकडे जाताना चष्मा बदला

एका घराने खर्च आवरला तर त्या घराची शिल्लक वाढते. सगळ्यांनी एकदम आवरला तर दुकानदाराचा गल्ला आटतो, मग कारखान्याचा, मग पगारांचा. एकाला लागू ते सर्वांना लागू नाही, हे मनात ठेवूनच पुढचं वाचा.

दुसरा खड्डा महागाईच्या दराचा. किमतींची सरासरी पातळी दाखवणारा निर्देशांक १०० वरून ११० झाला आणि पुढच्या वर्षी ११५.५. दर १० टक्क्यांवरून ५ वर आला, पण स्वस्त काहीच झालं नाही. हे लिहिताना दरवर्षी कितीतरी जण घसरतात.

बाकी प्रकरणांसाठी वर्तमानपत्र पुरतं. व्याजदर ठरवणाऱ्या, रिझर्व्ह बँकेच्या सहा जणांच्या पतधोरण समितीचा निर्णय आला की बातमी कापा आणि बाणांची साखळी काढा. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचं कर्ज देते तो, मे २०२० मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्के. रेपो वाढला → कर्ज महागलं → घर, गाडी, नवा कारखाना लांबणीवर → एकूण मागणी मंदावली → महागाईला लगाम. मग प्रत्येक बाणाखाली लिहा, हा कधी तुटेल? महागाई अवकाळीत सडलेल्या कांद्यामुळे असेल तर पहिल्या सेमिस्टरचा कागद काढा. तिथे पुरवठ्याची रेषा सरकली होती, आणि रेपोने ती परत उजवीकडे येत नाही.

परीक्षेआधीचे पंधरा दिवस जुन्या प्रश्नपत्रिकांना द्या, घड्याळ लावून. आकृती अर्धं पान तरी मोठी काढा, दोन्ही अक्षांना नावं द्या, जुना आणि नवा समतोल (दोन रेषा जिथे छेदतात तो बिंदू) वेगळ्या अक्षरांनी दाखवा. खालचा परिच्छेद त्या अक्षरांवर बोट ठेवूनच लिहायचा.